खुणेवरचा स्पीकर

“बाबा, तुमच्या या कपाटाएवढ्या स्पीकरमधून असं काय ऐकू येतं, जे माझ्या फोनमधून येत नाही?”

हे बाबांना तोंडावर विचारायची मैत्रिणींशी पैज लागली होती, आणि दहावीतली सुरुची हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नव्हती, स्वतःच्याही. बाबा मात्र खूश झाले. त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर स्पीकर केसभर सरकवला आणि जुन्या मैफलीची रेकॉर्ड लावली.

“तानपुऱ्यामागे कान दे. श्रोत्यांचा खोकलासुद्धा ऐकू येईल.”

खोकला ऐकू आला. बांगड्या वाजल्या. मग भिंतीवर काहीतरी जोरात आदळलं.

“हे काय होतं?”

“कुठे काय? हलू नकोस, ऐक.”

पुन्हा आदळलं, पण या वेळी भिंतीवर नाही, अंगावर. एक बाई कळवळली, “अहो, नको! सुरुची बघतेय!”

तो आवाज आईचा होता. रेकॉर्ड आईच्या जन्माआधीची होती, आणि आई तर समोर केर काढत होती.

पाठोपाठ धापा टाकणारा पुरुषी आवाज आला, “खुणेवरून हलवायचा नाही, सांगितलं होतं ना!” पुढे नुसते फटके, एकावर एक, आणि तानपुरा आपला चालूच.

“किती हो धूळ ही,” म्हणत आईने केरसुणीला वाट म्हणून स्पीकर बाजूला ढकलला.

तानपुरा थांबला. बाबा उठले. त्यांना धाप लागली होती.

“खुणेवरून हलवायचा नाही,” ते म्हणाले, “सांगितलं...”

सुरुची दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. “बाबा, आई आणि मी कर्वेनगरला मावशीकडे राहायला चाललोय. आत्ता. आई, केरसुणी टाक, चप्पल घाल.”