आत्याचा धपाटा

पाळण्यावर वाकून मी बाळाच्या कानात 'कुर्र्र' केलं, नाव सांगितलं आणि पाठ आकसून तशीच थांबले. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याला बायका धपाटे घातल्याशिवाय सोडत नाहीत.

पण एकही हात उठेना. मागून कुजबुज आली, "बाळंतपण तर हिचंच झालंय. हिला आत्या म्हणायचं की आई?"

वहिनीची गर्भपिशवी काढलेली, म्हणून दादा-वहिनीचा गर्भ डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटात ठेवला. उलट्या होतील, पाय सुजतील, बाळ त्यांच्याकडे दिल्यावरही दूध येईल, सगळं बाईंनी आधी सांगितलं होतं. बारशाला मी कोण असेन, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. नऊ महिने मला तीच धास्ती होती. माझी दोन पोरं मला पुरेत. मला भाचा हवा होता.

तेवढ्यात पाठीत सणसणीत धपाटा बसला. कळवळून वळले, तर वहिनी! डोळे भरलेले, हात पुन्हा उगारलेला.

"आत्याचा मान आहे हा, वन्सं. असा कसा चुकू देईन?"

मग सगळ्याच बायका तुटून पडल्या. मी हसत पाठ आणखी वाकवली.