चिमूटभर खवा

“पास,” कृष्णराज साहेब म्हणाले. शिवरंजनीला ते खरंच वाटेना.

तिच्या कढईतला खवा करपला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच. जळण एकदम भडकलं, तिचं उलथनं जरा थांबलं आणि दूध बुडाला लागलं. शेजारच्या कढईवरच्या वीरप्पानं ते बघितलं होतं. पण कामात बोलायचं नाही हा केंद्राच्या मॅनेजरचा, म्हणजे साहेबांचा, कायदा. तो मुकाट आपलं दूध हलवत राहिला. वाशीच्या रस्त्याला लागूनच हे खवा केंद्र, आणि जळका वास असा सुटला होता, की रस्त्यानं जाणाराही नाकाला रुमाल लावेल.

उन्हाळ्यात गोरोबाची कढई अशीच लागली, तर साहेबांनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं. त्यानं काही सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.” झालं. तेव्हापासून केंद्रावर दोनच शब्द उरले, ‘व्हय साहेब’. शिवरंजनीच्या नवऱ्याचं गॅरेज बंद पडलेलं, दोन्ही पोरी शिकत्या. हे काम गेलं की संपलंच.

तिथली रीत अशी, की कढई उतरली की पहिली चिमूट साहेबांच्या तोंडात, मग एकेक चिमूट सगळ्यांच्या हातावर. मग साहेब एकेकाकडं बघत विचारणार, “कसाय?” पूर्वी कुणी नाक मुरडायचं, कुणी ‘आज जरा ओलसर हाय’ म्हणायचं. गोरोबा गेल्यापासून ते सगळं बंद. हल्ली तर साहेब चेहऱ्यावरून नजरच हलवत नसत. आजही सगळ्यांनी ती कडूजहर चिमूट तोंडात टाकली. वीरप्पाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“पास. भरा.”

सुटलो बाई, असं शिवरंजनीला वाटलं. वीरप्पा तिची परात उचलून मधल्या मोठ्या परातीकडं निघाला. सगळ्यांचा खवा तिथं एकत्र मळून डबे भरत, आणि गाडी पुण्याला जायला उभीच होती. तिचा गोळा त्यात पडला की सगळ्यांचा माल कडू. तो माल पुण्याहून परत आला की साहेब कुणाला सोडणार नाहीत. ज्यांनी जीव लावून खवा केला, तेही घरी जातील. आणि ज्या बाईनं करपवला, ती मात्र पास. हे काही तिला पचेना.

“वीरप्पा, ओतू नका,” ती म्हणाली.

सगळी उलथनी थांबली. साहेब वळले.

“काय?”

“साहेब, न विचारता बोलतेय. माझा खवा करपलाय. कडू झालाय. मला घरी घालवायचं तर घालवा, पण समद्यांचा माल नासू देऊ नका.”

साहेब परातीवर वाकले. त्यांनी वास घेतला, परत घेतला. मग वीरप्पाकडं बघितलं.

“खरंय का?”

वीरप्पानं मान खाली घातली. “व्हय साहेब. पार जहर झालाय.”

“शंभुलिंग, तू सांग.”

पलीकडच्या कढईवरच्या शंभुलिंगनं ती चिमूट गिळलीच नव्हती, गाल अजून फुगलेला होता. “थुंकून येऊ का, साहेब?” त्यानं विचारलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि घाबरून गप्प झालं. पण साहेब ओरडले नाहीत. दुधाच्या रिकाम्या कॅनवर ते मटकन बसले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

“बरं झालं बाई, बोललीस,” ते म्हणाले. “पावसाळ्यात ताप येऊन गेला ना, तवापासून मला चव न्हाय का वास न्हाय. मालकाला कळलं तर पयला मीच घरी. म्हणून कुणाला सांगितलं न्हाय.”

शिवरंजनीनंच धीर केला. “मग साहेब, मी उद्या येऊ का?”

“न येऊन कसं चालंल? उद्यापासून पयली चिमूट तुझी. आणि ही परात तिकडं बाजूला ठेवा.”

शिवरंजनी भट्टीच्या कट्ट्याला टेकली. शंभुलिंग तोंड धुवायला पळाला. वीरप्पाला मात्र राहवेना. साहेबांना त्यानं आजवर कधी काही विचारलं नव्हतं.

“पण साहेब, चवच न्हाय तर तुमी माल पास कसा करत होता?”

“तुमची तोंडं बघून,” साहेब म्हणाले. “खराब असंल तर एक तरी तोंड वाकडं करंल, म्हणून रोज एकेकाकडं बघायचो. कुणाचंच तोंड वाकडं होईना. मला वाटलं, आपला खवा लई सुधारलाय.”