धुतलेलं पातळ

“आई, ठकीच्या पिंजऱ्यात तू काय घातलं होतंस?” फोन ठेवत मुलानं विचारलं.

“माझं जुनं पातळ. तूच म्हणालास ना, माझा वास असला की विमानात घाबरणार नाही ती?” शालनताई पुढे सरकल्या. “काय म्हणाले ते? आज तरी खाल्लं का तिनं?”

परक्या देशात उतरल्यापासून त्यांची एवढीशी कुत्री नियमाप्रमाणे विलगीकरणात होती. भेटायची सोय नव्हती. अन्नाला तोंड लावत नाही, कोपऱ्यात थरथरत बसते, एवढंच रोज कळायचं.

“ठकी गेली, आई.”

संध्याकाळी रिकामा पिंजरा घरी आला. पातळाची घडीसुद्धा मोडली नव्हती. ठकी त्यावर एकदाही टेकली नव्हती. घरी हीच लबाड शालनताईंच्या पदरावरून उठता उठायची नाही.

गोऱ्या माणसांच्या हाती मळकं कसं द्यायचं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते खसाखसा धुऊन, कडक उन्हात वाळवून दिलं होतं.

त्यांनी घडी नाकाशी धरली. साबणाचा वास आला, अंगणातल्या उन्हाचा आला.

त्यांचा स्वतःचा कुठंच नव्हता.