चौथा काठ

"चारही काठ दिसत होते का?" हाखाम आशेरनी पुन्हा विचारलं.

पडवीत उभ्या असलेल्या जोयाला दाराच्या फटीतून बारूख कोळ्याची नुसती पाठ दिसत होती. तो अंगरख्याची बाही पिळत होता, जणू आत्ताच पाण्यातून वर आला होता.

"दिसत होते की. गिरणीकडचा दिसत होता, रस्त्याकडचा, दफनभूमीकडचा. होडी माझ्या डोळ्यांदेखत उलटली. मोर्दो एकदा वर आला, मग नाहीच आला. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथंच ओरडत उभा होतो. माणूस इतका वेळ पाण्याखाली राहतो होय, हाखाम? मासा आहे का तो?"

"आणि चौथा?"

"तिकडं बोरूचं रान आहे. तुम्ही येताना पाहिलंतच की."

"मी पाहून उपयोग नाही. तू सांग."

"बोरूतून काय दिसणार, कपाळ? पण तिकडून बाहेर पडून करायचं काय त्यानं? बायको इकडं, तान्ही पोर इकडं. पळून जायला सासरा काय वाईट होता का?"



जोयानं ओरोला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पोर भुकेनं तिच्या मानेवर तोंड घासत होती. कोळ्यांनी तळं गळ टाकून, जाळी ओढून पालथं घातलं होतं. हाती तिच्या नवऱ्याचा, मोर्दोचा, एक जोडा तेवढा लागला. शव नाही, म्हणून आता सगळा भार पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर होता.

खोलीच्या कोपऱ्यात तिचे वडील, गावातल्या ज्यूंचे धर्मगुरू हाखाम मातित्या, बसले होते. गावातला प्रत्येक निवाडा त्यांचाच. पण मुलीच्या प्रश्नात बापाला बोलता येत नाही, म्हणून शेजारच्या गावाहून आशेरना बोलावलं होतं. वडिलांसमोर सालोनिकाच्या छापखान्यातून तपासायला आलेला नमुन्याचा ताव पसरला होता. मधोमध ठळक अक्षरांत धर्मशास्त्राचा मूळ नियम, आणि त्याच्या चारी बाजूंनी बारीक टाइपात त्यांचं भाष्य. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून असली पानं बघायची. "मधलं ते पाणी, जोया," ते म्हणायचे. "आम्ही नुसती काठावरची माणसं."

मधे छापलेलं जोयाला पाठ होतं: चारही काठ पाहणाऱ्याला बुडालेला वर आलेला दिसला नाही, तर तो मेला धरावा; त्याची बायको दुसऱ्या लग्नाला मोकळी.

त्याच्या शेजारी वडिलांची ओळ होती: बोरूमागचा काठ हा पाहिलेला काठ नव्हे.

ही ओळ पालोम्बामावशीमुळे लिहिली गेली होती. तिचा नवराही याच तळ्यात गेला, जोया परकरात होती तेव्हा. काय सांगावं, बोरूमागून बाहेर पडला असेल, कुठं जिवंत असेल. तेव्हापासून मावशीला ना नवरा, ना त्याचं सुतक. कुणी तिला मागणी घालू शकत नव्हतं. दर पानगळीत ती विळा घेऊन तळ्यावर जायची आणि तो काठ उघडा करू बघायची. बोरू पुन्हा उगवायचे. कापलेल्यांच्या ती टोपल्या विणायची. त्यातले सरळ, कणखर निवडून हाखामांना लिहायला आणून द्यायची. वडिलांच्या हातून उतरलेलं प्रत्येक अक्षर तिच्याच बोरूचं होतं.

आशेरनी बारूखला जायला सांगितलं. मग खुर्ची ओढून ते वडिलांजवळ बसले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"गुरुजी, हा ताव अजून परत जायचाय. एक शब्द घाला. 'दाट'. दाट बोरूमागचा काठ. तेव्हा बोरू दाटच होते. आता त्या बाईनं वर्षानुवर्षं कापून विरळ केलेत. विरळ बोरूतून माणूस निघाला असता, तर हलताना दिसला असताच. एवढा शब्द पडला की मी आजच जोयाला मोकळी करतो."

वडिलांनी बोरू उचलला. दौतीत बुडवला. टोकाला शाईचा थेंब फुगला.

जोयानं ओरोचं डोकं तळव्यानं झाकलं. लिहा, बाबा.

"तिच्या विळ्यानं माझी मुलगी मोकळी करायची?" वडील म्हणाले.

"शब्द खोटा नाही, गुरुजी."

"खोटा नाही. पण तो मला आजच सुचावा?" त्यांचा हात हलत नव्हता. "बाहेर बाकावर बसलीये, तिला काय सांगू?"

"पालोम्बानं आजवर कधी काही विचारलं नाही."

"म्हणूनच."

थेंब पडला, तावाच्या कोऱ्या समासावर. वडिलांनी तो बोटानं टिपला, बोरूचं टोक फडक्याला पुसलं आणि बोरू दौतीशेजारी आडवा ठेवला.  आशेरनी डोळे मिटले आणि ते नकाराच्या निवाड्याचे शब्द जुळवायला लागले.

"जोया," वडील दाराकडं न बघता म्हणाले, "पोरीला वाऱ्यात उभी करू नकोस."

ती वळली. पडवीत, आपल्या रोजच्या बाकावर, पालोम्बामावशी बसली होती. मांडीवर अर्धी विणलेली टोपली, शेजारी बोरूची मोळी. दार किलकिलंच होतं. तिनं काय ऐकलं आणि काय नाही, ते तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. तिनं जोयाकडं पाहिलं, मग पोरीकडं. मोळी उचलून तिनं खाली जमिनीवर ठेवली आणि बाकावरचा भुसा हातानं झाडला.

"बस," ती म्हणाली. "भिंतीकडं सरक. तिकडं वारा लागत नाही."