टॅपेट आणि सोयरीक

"ज्येच्या दारातल्या गाडीचा टॅपेट वाजतोय, त्येच्या घरात सोयरीक जुळत न्हाय. ह्यो सृष्टीचा नेम हाय," बाबालाल मंगळवार पेठेतल्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. त्या वेळी तो ट्रकच्या मडगार्डवर ओणवा होऊन इंजिनातली टकटक घालवायच्या खटपटीत होता.

"नेम ऱ्हाऊ दे," दारातून त्याची बायको नजीरा म्हणाली. "आदी पायजमा बदला. मागनं फाटलाय."

दुपारच्या आत पावणे यायचे होते, चंदगडहून. निरोप ख्वाजानं आणला होता. ख्वाजा ट्रक अड्ड्यावरचा दलाल. मालाला गाडी आणि गाडीला गिऱ्हाईक शोधता शोधता त्यानं दोनचार लग्नंही जुळवून टाकली होती. त्यानंच चहा पिता पिता विचारलं होतं, "बाबालाल, सलिमाचं काय ठरवलंस?"

"द्यायची म्हणतोय," बाबालाल म्हणाला होता. "गुडघ्यात आता दम न्हाय. हातपाय चालत्यात तवर चांगल्या ठिकाणी पडू दे."

"मग पावणं लावून देतो बघायला."

त्या दिवसापासून नजीरा रेशनची साखर चहातसुद्धा चिमटीनं घालत होती.

सलिमाला सव्विसावं लागलं होतं. पोरगी गुणी, हसतमुख, पण उंच. आजवर आलेली सगळी स्थळं शिरा खाऊन गेली आणि 'उंची जरा जादा वाटती' असा निरोप पाठवून मोकळी झाली. एका नवरदेवानं तिच्याशेजारी उभं राहून पाहिलं, मग पाटावर उभं राहून पाहिलं, आणि चहा न घेताच उतरला.

"अब्बा, ह्यास्नी आल्या आल्या खुर्ची द्या," सलिमा म्हणाली. "उभंच करू नका. मी बी बसूनच ऱ्हाते."

ती हे हसत म्हणाली, म्हणून बाबालालनं मान वर केली नाही.

इंजिन थंड होतं. वरचं झाकण काढून त्यानं परातीत उपडं ठेवलं होतं. परात शिऱ्याची होती, हे नजीराला अजून कळायचं होतं. सलिमा समोरून हँडल धरून इंजिन जरा जरा फिरवायची. वाल, म्हणजे इंजिनाची झडप, मोकळा सुटला की बाबालाल वाल आणि तो दाबणारा रॉकर यांच्या मधल्या फटीत पातळ पोलादी पट्टी सरकवायचा. पट्टी पळाली तर फट जास्त, अडली तर कमी. जराशी ओढ लागली पाहिजे. मग स्क्रू तसाच धरून वरचा नट आवळायचा. नट आवळताना त्याची जीभ आपोआप बाहेर यायची.

"करकचून आवळून टाका की एकदा," नजीरा म्हणाली. "टकटक बंद हुईल."

"टकटक बंद हुईल आणि वाल जळंल. फट लागतीयाच, अगं."

"मग माणसांत बी लागती व्हय?"

"तू आत जा."

ती गेली, सलिमाला ओढूनच घेऊन गेली. बाबालालनं झाकण बसवलं, पायजमा बदलला आणि गाडी चालू केली. टकटक नव्हती. इंजिन पोटभर जेवलेल्या माणसासारखं घुमत होतं.

तेवढ्यात पावणे आले. एकटेच, बगलेत छत्री. नाव शमशुद्दीन, वय चाळिशीचं. ते आत न येता गाडीसमोर मान तिरकी करून ऐकत उभे राहिले.

"टॅपेट कुणी बांधला?"

"मीच."

"हात चांगला हाय."

बाबालालनं दारात परत आलेल्या नजीराकडं असं पाहिलं, जणू सृष्टीचा नेम त्यानंच लिहिला असावा.

पावण्यांना खुर्ची दिली. गाडी दारात घुमत राहिली.

"बायकामाणसं न्हाय आणली?" नजीरानं विचारलं.

"पसंती माझी. घरला नेऊ तवा हार घालायला येतील की. धाकट्या भावासाठी बघतोय. रिकामा फिरतोय. हिच्या संगं जुंपला म्हंजे येईल ठिकाणावर. वळण कसं हाय?"

"वळणाचं काय इचारू नका," बाबालाल म्हणाला. "पयल्यापासनं माझ्याच हाताखालची हाय."

"आमच्याकडं पाऊस लई. चिखल, चढ. काजूच्या हंगामात दम खायला सवड न्हाय."

"कामाला कदी ना म्हणायची न्हाय."

सलिमा चौकटीतून वाकून पाणी घेऊन आली. पावण्यांनी पेला घेतला, पण मान वर केली नाही. नजर दाराबाहेरच. काय सभ्य माणूस, नजीराच्या मनात आलं. सलिमा आत गेली. शमशुद्दीननी पेला रिकामा करून खाली ठेवला.

"उंची जरा जादा वाटती," ते म्हणाले.

नजीराच्या हातातली शिऱ्याची बशी तशीच राहिली. बाबालाल आपल्या नखांतलं ऑइल बघू लागला.

"चालंल," शमशुद्दीन म्हणाले. "आमचं दार बुटकं हाय. उंच करून घिऊ. त्यात काय?"

आजवर कुणी असं म्हणालं नव्हतं. नजीरानं पदर डोळ्यांना लावला. पडद्यामागं सलिमा सवयीनं वाकून उभी होती, ती हळूहळू ताठ झाली. डोकं तुळईला लागलं. तिनं ते लागू दिलं.

"पसंत हाय," शमशुद्दीन म्हणाले. "बाकीचं ख्वाजा बघून घेईल. तुमी शबूद द्या."

"दिली," बाबालाल म्हणाला आणि त्यानं त्यांच्या हातावर हात मारला. नजीरानं उरलीसुरली साखर सगळ्यांच्या तोंडात घातली.

शमशुद्दीन उठले. चपला घालताना जरा संकोचले.

"दुसरं काय मागणं न्हाय," ते म्हणाले. "गाडीच्या केबिनवर रंगवलेलं 'सलिमा' तेवढं पुसून द्या. आमच्या धाकट्याची बायको लई संशयी हाय."