औंढा तीन कोस

"शहाऐंशी हजार योजनं," विश्वंभरभटांनी पोथीवर बोट ठेवलं. "मेलेल्या माणसाला यमपुरीपर्यंत एवढी वाट चालावी लागते."

गोजरबाईला जाऊन आज नववा दिवस होता. तिचा मुलगा उत्तमराव ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. इतके दिवस त्यानं पोथी नुसती कानावरून जाऊ दिली होती. आज त्यानं मान वर केली.

"महाराज, योजन म्हंजे किती?"

भटजींना हिशेबाची भारी हौस. असं कुणी विचारलं की पोथी बाजूला राहायची. "एका योजनाचे चार कोस. म्हणजे झाले तीन लाख चव्वेचाळीस हजार कोस. सडकेवरच्या दगडांनी मोजायचं तर कोसाचे दोन मैल धरा. सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार मैल!" आत्ताच जाऊन मोजून आल्यासारखे ते खूश झाले.

"अन् सगळं पायीच?"

"पायीच. तेराव्यानंतर निघायचं, वर्षभर चालायचं. म्हणून तर वहाणा, छत्री, काठी दान करतात."

ते सामान कोपऱ्यात आणून ठेवलेलं होतं. वहाणा कोऱ्या होत्या. गोजरबाईच्या पायाला जन्मात वहाण लागली नव्हती.

"तीन कोस चालवलं न्हाई आत्याबाईला," दाराआडून त्याची बायको शकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तमरावाला तेच जास्त लागलं.

शिवरात्रीला म्हातारीनं औंढ्याच्या नागनाथाला जायला गाडी मागितली होती. बैल शेतातून हळद वाहत होते. "तीन कोस तर हाय, जा की पायी! हळद थांबून ऱ्हाईल का तुझ्यासाठी?" असं तोच म्हणाला होता, तेही चारचौघांत. ती गुमान निघाली. निम्म्या वाटेवरून दर्शनाशिवाय परतली आणि तापानं पडली ती उठलीच नाही. मरेपर्यंत तिनं गाडीचं नाव काढलं नाही.

उत्तमरावानं घसा खाकरला. "महाराज, उलटं बी सांगा. तीन कोसाचं योजन किती?"

"हे तर शेंबडं पोरगंही सांगेल. एक योजनसुद्धा भरत नाही. पाऊण."

"पाऊण," उत्तमराव म्हणाला.

भटजी पुन्हा वाचायला लागले. उत्तमराव गोठ्याकडे बघत राहिला. सुतक म्हणून नऊ दिवस गाडी जुंपली नव्हती. हळद शेतात तशीच पडून होती, तिचं काही बिघडलं नव्हतं. बैल दावणीला निवांत रवंथ करत बसले होते.