पूजेतलं मांजर

वालूरचे दुकानदार ईश्वरअप्पा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले, की निजामाच्या पोलिसांचा अमीनसाहेब दारात आला तरी उठत नसत. त्यांची पूजा होईस्तोवर घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही, हा दंडक. बायको भागम्मा भाकरी झाकून बसायची आणि म्हातारी आई गौराबाई रिकामं ताट पुढं घेऊन.

अमीनसाहेबाला न जमलेलं काम घरच्या मांजराला जमलं. भाकरीचा वास सुटला की ते अप्पांच्या पाठीशी येऊन असं काही ओरडायचं, की ध्यान कुठल्या कुठं पळायचं आणि पूजा गुंडाळावी लागायची.

"ह्ये मांजर घरात ऱ्हायलं तर माझं समदं पुण्य पाण्यात जाईल," म्हणत अप्पांनी एक दिवस त्याला पोत्यात घातलं आणि गाडीवानाकडून थेट गोदावरीपल्याड सोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा निवांत बसले. भाकरी गार झाली, वरणावर साय धरली, तरी त्यांची नजर लिंगावरून हलेना. एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "म्याँव." मग जरा मोठ्यानं. मग लयच कळवळून.

"च्यायला, नदी ओलांडून आलं का काय!" अप्पांनी घाईघाईनं पूजा उरकली आणि मागं वळून बघितलं. मांजर कुठंच नव्हतं. भागम्मा तोंडात पदर कोंबून हसायलती.

गौराबाईंनी शांतपणे ताट पुढं सरकवलं. "वाढ गं भागम्मा. मांजराला ह्यानं धाडलं, आता त्येचं काम बी मलाच करावं लागायलंय."